नऊ किलो गोट्या आणि दोन वारस

विहीणबाईंचे वडील गेल्या हिवाळ्यात वारले, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी. अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन नावाचं शहर आहे, तिथं त्यांचं घर. घर विकायला काढलं तेव्हा तळघरातून हत्यारं, मासेमारीचे गळ आणि जुनी बिलं निघाली, आणि त्यामागं तीन भांडी भरून गोट्या. कॉफीचा पत्र्याचा डबा, काचेची एक मोठी बरणी आणि सिगारची लाकडी पेटी.

वारस दोघंच: विहीणबाई आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमच्या जावयाचे मामा. घर, गाडी, बँकेतली रक्कम यांची वाटणी वकिलानं सुरळीत करून दिली. गाडं अडलं ते गोट्यांपाशी. मामांनी इंटरनेटवर एक जाहिरात पाहिली होती. नागमोडी पट्ट्याची एक गोटी, किंमत १,८०० डॉलर. तशा ऐंशीएक गोट्या त्यांनी बरणीत मोजल्या. गुणाकार करून स्वतःच दचकले आणि 'तेवढं नाही तरी पंचवीस-तीस हजार कुठं गेले नाहीत' या आकड्यावर येऊन ठाम बसले. विहीणबाईंचं म्हणणं, ही पोरांची खेळणी, नातवंडांना वाटून टाकू. भावाला वाटलं, बहीण माहीत असून नसल्यासारखं करतेय. बहिणीला वाटलं, भाऊ वडिलांच्या डब्यावर टपलाय. जावई मध्ये सापडला.

आम्ही उभयता तेव्हा सहा महिन्यांसाठी मुलीकडे होतो. माझी हयात सांगलीच्या सराफ कट्ट्यावर गेली आणि त्यातली तीसेक वर्षं बँकांच्या सोनेतारणासाठी दागिने तपासण्यात. मुलगी म्हणाली, "बाबा, भिंग आणलंय ना?" भिंग मी कुठंही गेलो तरी बरोबर असतं. काचेतलं मला काही कळत नव्हतं, हे मी तिला सांगितलं. पण वस्तू कशी बघायची ते कळत होतं. गिऱ्हाईक पाटली पुढं ठेवताना आधी तिची कथा सांगतं: आजीच्या लग्नातली आहे, पेशवाईतली आहे. कथा ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि मग पाटली कसाच्या दगडावर घासायची.

इथली कथा अशी होती की सिगारच्या पेटीतल्या गोट्या पणजीनं जर्मनीतून आणल्या आणि त्यातल्या एकीत खरं सोनं आहे.

सुरुवातच मी चुकवली. मोजायच्या म्हणून बरणी उचलली आणि मुलीनं इकडून नेलेल्या स्टीलच्या परातीत ओतली. वर सिगारची पेटीही त्यातच उपडी केली. आवाज मोठा झाला, आम्ही हसलोही, लहानपणी खिशात खुळखुळायच्या तसा आवाज. सोन्याच्या बांगड्या ट्रेमध्ये ओतल्या तर काही बिघडत नाही. काचेवर काच आदळली तर पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी बारीक भेग पडते. या छंदातले लोक तिला 'मून' म्हणतात. हे मला चार दिवसांनी कळलं, आणि तेही कुठं ते पुढं येईल.

नंतर मात्र सावरलो. टेबलावर जाड टॉवेल, अंड्यांचे रिकामे खोके, माप घ्यायचा एक व्हर्नियर, टॉर्च, लोहचुंबक. धुवायचं ते कोमट पाण्यात थेंबभर साबण घालून, एकेक गोटी हातात धरून, सिंकच्या तळाशी टॉवेल पसरून. गरम पाणी नाही, घासणी नाही, डिशवॉशर तर नाहीच. जुन्या काचेला एकदम उष्णता लागली की ती तडकू शकते.

वजन केलं, ९.२ किलो भरलं. नेहमीच्या मापाची गोटी ५/८ इंचाची, म्हणजे सोळा मिलिमीटरची, तिचं वजन साडेपाच ग्रॅमच्या आत-बाहेर. त्या हिशेबानं सतराशे व्हायला हव्यात. मोजल्या तर १,४१२. मोठ्या गोट्या आणि लोखंडी छर्रे यांनी वजन खाल्लं होतं. आकडा जुळला नाही की का नाही जुळला ते शोधायचं, ही सवय जात नाही.

पहिली चाळणी सोपी आणि निर्दय. पारदर्शक काच, आत रंगीत पात्यांचा डोळा, अशा गोट्या आपण सगळ्यांनी खेळलेल्या आहेत. अमेरिकेत त्यांना 'कॅट्स आय' म्हणतात. १९५० नंतरच्या वर्षांत त्या जपानमधून इथं आल्या आणि इतक्या स्वस्त पडल्या की अमेरिकी कारखान्यांना त्यांची नक्कल करावी लागली. त्या आणि त्यांच्या काळानंतरच्या साध्या गोट्या मिळून निघाल्या ८०६. निम्म्याहून जास्त ढीग एका दुपारी बाजूला गेला. त्या सगळ्यांची मिळून किंमत मी २५ डॉलर धरली, तीही घेणारा भेटला तर.

लोहचुंबकाला चिकटलेल्या अकरा. त्यातल्या आठ बॉल बेअरिंगच्या, भरीव, किंमत शून्य. तीन पोकळ, आणि त्यांच्या एका बाजूला पत्रा दुमडून मिटवल्याची फुली. फुलीवाल्या जुन्या, चार-चार डॉलरच्या.

सात गोळे फिकट हिरवट, नितळ, आत एखादा बुडबुडा. ते बघून मला भरून आलं. आमच्याकडच्या गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटी हुबेहूब अशी! हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये त्या बाटलीचं पेटंट घेतलं, आणि सांगली-मिरजेत ती माझ्या तरुणपणापर्यंत फटाक फुटत होती. पण इथं त्या तशा आल्या नसाव्यात. फायबरग्लास बनवायच्या कारखान्यांत काच गोट्यांच्या रूपात नेऊन पुन्हा वितळवत असत. मालगाडीतून सांडलेल्या अशा गोट्या रेल्वे रुळांच्या कडेला आजही पोरांना सापडतात. किंमत शून्य. एक मी मागून घेतली.

मातीच्या, झिलईच्या आणि चिनीमातीच्या मिळून १७१. ॲक्रनच्या माणसाकडे मातीच्या गोट्या नसत्या तरच नवल. सॅम्युएल डाइक या माणसानं १८८४ मध्ये याच गावात मातीच्या गोट्यांचं घाऊक उत्पादन सुरू केलं, गोटी पैशाला मूठभर मिळू लागली आणि खेळण्यांचा धंदा या शहरात रुजला. गावाच्या मध्यभागी लॉक थ्री नावाच्या बागेत गोट्यांचं एक छोटं संग्रहालय उभं राहिलं, ते याच कारणानं. जुनी असूनही मातीची गोटी स्वस्त, कारण ती लाखांनी बनली आणि लाखांनी उरली. मामांना हे पटायला वेळ लागला. 'शंभर वर्षांपूर्वीची' आणि 'दुर्मीळ' हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात एकच होते. आमच्याकडे एडवर्डचा तांब्याचा पैसा घेऊन येणारे असेच असतात.

तपकिरी-निळ्या झिलईच्या गोट्यांना 'बेनिंग्टन' म्हणतात. बेनिंग्टन हे व्हरमाँटमधलं कुंभारकामाचं गाव, पण या गोट्या बहुतेक जर्मनीच्या. झिलई तिथल्या भांड्यांसारखी दिसते म्हणून नाव चिकटलं. भट्टीत एकमेकींना टेकल्या त्या जागी झिलई बसली नाही, तिथं बारीक डोळे राहिले. चिनीमातीच्या सहा गोट्यांवर हातानं ओढलेल्या बारीक रंगीत रेघा होत्या. हा सगळा गट मी ९५ डॉलरला बसवला.

उरल्या ४१७. काचेच्या ४१३ आणि दगडाच्या ४. काचेसाठी आता एकच प्रश्न: हाताची की यंत्राची?

याचं उत्तर रंगात नसतं, बुडाशी असतं. जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगरात लाउशा नावाचं काचकामाचं गाव आहे. तिथं १८४६ मध्ये गोटी कापायची एक खास कात्री निघाली. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र वितळवून जाड दांडी ओढायची, तिला पीळ द्यायचा, दांडीचं टोक कात्रीच्या वाटीत धरून फिरवत फिरवत गोल करायचं आणि कापायचं. जिलबी तळणाऱ्याच्या हाताला असतो तसा वेग लागत असणार. दांडीपासून तुटल्याची खूण गोटीवर राहते, एका टोकाला किंवा दोन्ही टोकांना. खरखरीत, थोडी चपटी जागा. तिला पाँटिल म्हणतात. अंगठ्याच्या नखानं चाचपली तरी लागते. आतले रंगीत धागे त्या दोन टोकांना जाऊन मिळतात, पृथ्वीच्या गोलावर रेखांश ध्रुवाशी मिळतात तसे. यंत्राच्या गोटीला ही खूण नसते, कारण ती दोन खाचेदार रुळांवर गडगडत गोल झालेली असते.

पाँटिल असलेल्या ४१ निघाल्या. त्यातल्या अठ्ठावीस सिगारच्या पेटीत होत्या. म्हणजे पणजीची कथा खरी? जर्मन म्हणाल तर नक्की. पण पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेतल्या दुकानात काचेची गोटी मागितली तर बहुधा जर्मनच मिळे. पणजीनं ट्रंकेतून आणल्या की पणजोबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून, हे गोटी सांगत नाही. भावात फरकही पडत नाही. विहीणबाईंना मी एवढंच म्हटलं की कथा खोटी ठरत नाही. त्या खूश झाल्या.

आता सोनं. पेटीत कापसात गुंडाळलेली एक ५/८ इंची गोटी होती. पारदर्शक अंग, वर पांढऱ्या कडांचे दोन पट्टे आणि पट्ट्यांत सोनेरी कणांची रांगोळी. उन्हात धरली की आतून पेटल्यासारखी दिसे. सगळ्या घराचा जीव या गोटीत. मी तीस वर्षं सोनं पाहिलंय, मला पहिल्या नजरेलाच ते सोनं वाटलं नाही. सोन्याची चूर अशी सारखी चमकत नाही. तिचे कण लहानमोठे, वेडेवाकडे असतात. हे सगळे कण एकाच घडणीचे, चपटे, त्रिकोणी-षट्कोनी, तांबूस झाक असलेले. भिंगाखाली ते स्फटिक आहेत हे दिसतं. काच वितळलेली असताना त्यात तांब्याचं संयुग घालून, हवा रोखून, ती हळूहळू निववली की तांब्याचे स्फटिक धरतात. व्हेनिसच्या काचकारांची ही जुनी करामत. अमेरिकेत तिला 'गोल्डस्टोन' म्हणतात, आपल्याकडे स्वस्त अंगठ्यांत हीच काच दगड म्हणून खपते. गोट्यांच्या दुनियेत अशा गोटीला 'लुट्झ' हे नाव आहे. सोनं नसलं तरी ती पेटीतल्या चांगल्या नगांपैकी एक होती. धक्का न लागलेली असती तर मी ११० डॉलर लिहिले असते.

तशी ती नव्हती. पट्ट्याच्या कडेला अर्ध्या तांदळाएवढी एक चंद्रकोर. जुन्या भेगांत वर्षांचा मळ शिरून त्या करड्या दिसतात. ही भेग पांढरी लख्ख होती, कड चाकूसारखी. पेटीतून परातीत पडतानाचा तो आवाज मला पुन्हा ऐकू आला. कापसातली गोटी पंधरा-वीस वर्षं कापसात राहिली आणि माझ्या हातून चार सेकंदांत उघडी झाली.

इथं प्रतवारी समजून घ्यायला हवी, कारण सगळा भाव तिच्यावर फिरतो. दहापैकी गुण देतात. नऊच्या वर मिंट, म्हणजे कोरी. आठ ते नऊच्या आत निअर मिंट. सात ते आठच्या आत गुड. सातखाली 'कलेक्टिबल', आणि या शब्दाला फसायचं नाही, तो शेवटचा दर्जा आहे. कारखान्यातच राहिलेली सुरकुती किंवा बुडबुडा यांचे गुण फारसे कापत नाहीत. खेळताना बसलेल्या माराचे कापतात. सोन्यात घट धरतो तशी इथं वजनातून घट धरता येत नाही. एका टवक्यानं निम्मा भाव जातो. लुट्झ ८.७ वरून ७.५ वर आली. मी तिच्यापुढं ५५ लिहिले.

घरच्यांच्या मते सगळ्यात भारी असलेल्या दोन गोट्यांची गतही अशीच. एक ४१ मिलिमीटरची, आत पांढऱ्या धाग्यांची जाळी, लिंबाएवढी. लहानपणी आम्ही हिला ढब्बू म्हटलं असतं. अशी कोरी मिळाली तर दोनशेच्या पुढं जाते. पण इतकी मोठी गोटी पोरं नेम मारायलाच वापरणार, अंगभर चंद्रकोरी. साठ डॉलर. दुसरी त्याहून मोठी, रंगहीन काचेत चंदेरी कुत्रा बसलेला. अशा गोटीला सल्फाइड म्हणतात. आतली मूर्ती पांढऱ्या मातीसारख्या पदार्थाची असते, चांदीसारखी दिसते ती भोवती अडकलेल्या हवेच्या पातळ थरामुळं. कुत्रा एका बाजूला कलला होता आणि काच इतकी घासली होती की पाण्यात बुडवल्याशिवाय त्याचं नाक दिसेना. सत्तर.

पाण्यावरून सांगतो. ओली किंवा तेल पुसलेली गोटी फोटोत कोरी दिसते, बारीक ओरखडे भरून जातात. चकचकीत फोटो पाहून घेऊ नये.

मामांनी विचारलं, "पॉलिश करून घेऊ या का? कुत्रा स्वच्छ दिसेल." माझ्या धंद्यात हा प्रश्न रास्त आहे; मळलेला हार उजळल्याशिवाय कोण विकतो? गोटीत मात्र पॉलिश म्हणजे वरचा थर घासून काढणं. मूळ पृष्ठभाग गेला, पाँटिल गुळगुळीत झालं, माप कमी झालं, आणि जाणत्याला ते पहिल्या नजरेत कळतं. नको म्हटलं.

दगडाच्या चार गोट्या अकीकाच्या. दिव्याखाली हळू फिरवल्या तर पृष्ठभागावर बारीक बारीक सपाट पैलू सरकताना दिसतात. जर्मनीत इडार-ओबरश्टाइनला कारागीर हे दगड फिरत्या चाकावर हातानं घासत, त्याची ती खूण. पंधरा-पंधरा डॉलर. या चारांनी मला जितका आनंद दिला तितका हजार काचांनी दिला नाही, पण आनंद बिलात धरत नाहीत.

यंत्राच्या ३७२ गोट्यांचं प्रकरण खरं ॲक्रनचं. मार्टिन फ्रेडरिक ख्रिस्टेन्सन हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला माणूस आधी पोलादी छर्रे गोल करायच्या यंत्रात गुंतलेला. त्यानंच काचेच्या गोटीचं यंत्र बनवलं, १९०५ मध्ये पेटंट मिळालं. त्याच्या ॲक्रनच्या कारखान्यात काच अजून हातानंच उचलत आणि यंत्र ती फक्त गोल करे. उचलणाऱ्याच्या मनगटाची गिरकी गोटीच्या माथ्यावर इंग्रजी नऊच्या आकड्यासारखी उमटते आणि खाली कापल्याची शेपटी राहते. रंगीत पारदर्शक काचेत पांढऱ्या लाटा असलेल्या अशा चाळीस 'स्लॅग' निघाल्या. सगळ्याच त्याच्या नसतील, पण नऊ आणि शेपटी निम्म्यांवर तरी होती. पाच डॉलरच्या हिशेबानं दोनशे.

आणि एक, कॉफीच्या डब्याच्या तळाशी, मातीच्या गोट्यांत मिसळलेली. रंग वाळलेल्या रक्तासारखा, गेरूहून गडद, त्यात पांढऱ्या आणि काळपट लाटा. मी ती दोनदा मातीची समजून बाजूला टाकली होती. तिसऱ्यांदा टॉर्च मारला तेव्हा काच दिसली, माथ्यावर नऊ दिसला. संग्राहक हिला 'ब्रिक' म्हणतात, वीट! ख्रिस्टेन्सनचा कारखाना १९१७ मध्ये बंद पडला, युद्धकाळात नैसर्गिक वायू मिळेना म्हणून. विहीणबाईंचे वडील त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मले. म्हणजे ही गोटी त्यांच्या वडिलांच्या खिशातून आलेली. १२० डॉलर, सबंध संग्रहात एका नगाला सगळ्यात जास्त, आणि घरात कुणाला ती असल्याची कल्पनाही नव्हती.

नावाचा एक घोटाळा इथंच मिटवतो. ख्रिस्टेन्सन ॲगेट ही ओहायोतलीच, पण वेगळी कंपनी, १९२५ मध्ये निघालेली. तिच्या भडक रंगांच्या गोट्या फार महाग जातात. मामांनी दोन्ही एकच धरल्या होत्या. आमच्या ढिगात तिची एकही नव्हती.

मामांच्या त्या नागमोडी गोट्या ॲक्रो ॲगेटच्या. ही कंपनी ॲक्रनमध्येच निघाली, १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ मध्ये बंद झाली. वितळलेली काच पडतानाच तिला गिरकी देत, म्हणून रंगाचा पट्टा स्क्रूसारखा गोटीभोवती चढतो, नाव 'कॉर्कस्क्रू'. मी मामांना जवळ बसवलं आणि संकेतस्थळावर मागितलेल्या किमतींऐवजी खरोखर विकल्या गेलेल्या नगांची यादी उघडली. मागायला कोण काहीही मागेल. गुढीपाडव्याला मीही दुकानाबाहेर कमी मजुरीचा बोर्ड लावतो. विकल्याच्या यादीत दोन रंगी कॉर्कस्क्रू दोन-तीन डॉलरला जात होत्या. ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर तशाच. सहा 'पॉपाय' जातीच्या, पारदर्शक काचेत पांढरे धागे आणि वर दोन रंग, त्या पंधरा-पंधराच्या. मामा दहा मिनिटं यादी खाली सरकवत राहिले. मग उठून अंगणात गेले. १,८०० ची ती जाहिरात तेव्हाही तशीच लटकत होती.

त्यांना दिलासा मिळाला तो दुसरीकडून. इलिनॉयमधल्या ओटावा गावच्या पेल्टियर कंपनीनं १९३० च्या आसपास गोट्यांवर वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकांची पात्रं छापली, एकूण बारा. बरणीत अशा चार होत्या. तीन खऱ्या, ५५ ला एक. चौथीवर भिंगातून चित्राभोवती पातळ पापुद्र्याची कड दिसली. कुणीतरी अलीकडे चिकटवलेलं चित्र. पेल्टियरच्याच जुन्या पट्टेरी आठ, वीस-वीसच्या. उरलेल्या २३९ चिल्लर, सगळ्यांचे मिळून ७०.

अतिनील टॉर्चखाली काही पिवळसर-हिरव्या गोट्या काजव्यासारख्या पेटल्या. जुन्या काचेत रंगासाठी युरेनियम घालत. नातवानं ती रात्र गाजवली. भाव मात्र त्यानं वाढला नाही.

एक खोकं राहिलं. पुठ्ठ्याचं, त्यावर चोचीत आणि पंजांत गोट्या धरून उडणारा कावळा, ॲक्रोची खूण. आत कॅट्स आय भरलेल्या, म्हणजे मूळच्या गोट्या केव्हाच खेळून संपल्या आणि खोक्यात दुसऱ्या पडल्या. 'मूळ खोक्यासह' असं म्हणून विकणं लबाडी झाली असती. रिकामं खोकं, एक कोपरा फाटलेला, ६५ डॉलर. आतल्या मालापेक्षा पुठ्ठा महाग.

बेरीज: हाताच्या ७७६, अकीक ६०, यंत्राच्या ९९०, माती-चिनीमाती ९५, लोखंडी १२, कॅट्स आय २५, खोकं ६५. एकूण २,०२३ डॉलर. ही किरकोळीनं, फोटो काढून, एकेक विकली तरची रक्कम. शेजारच्या गावी एका हॉटेलात गोट्यांचं प्रदर्शन होतं, तिथल्या एका व्यापाऱ्यानं सगळ्याचे उक्ते ७०० देऊ केले. मामांना राग आला, मला आला नाही. बाराशे चिल्लर नग घरी नेऊन निवडायचे कष्ट त्याचे होते, आणि मोड घेताना आम्हीही मजुरी धरत नाही.

मूल्यांकन मी तारखेसह लिहून दिलं, प्रत्येक चांगल्या नगाचं माप, गुण आणि फोटो यांसह. तिथल्या करकायद्यात वारशानं आलेल्या वस्तूची खरेदी किंमत म्हणून मृत्यूच्या दिवसाचा बाजारभाव धरतात. नंतर जास्तीला विकली तरच वरच्या फायद्यावर कर, आणि संग्राह्य वस्तूंना तो जास्तीत जास्त २८ टक्के. दोन हजारात कर तो काय येणार, पण कागद असलेला बरा.

वाटणी कशी करायची यावर मी आमच्याकडची रीत सांगितली: थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. जावयानं भाषांतर केलं. मामांना ती इतकी पटली की त्यांनी दोन रविवार घालवले. जेवणाच्या टेबलावर दोन टॉवेल, त्यांवर अंड्यांचे खोके, आणि मामा गोट्या इकडून तिकडं हलवतायत, बाजूला माझी यादी. शेवटी एका बाजूला ब्रिक, कॉर्कस्क्रू, लुट्झ आणि कावळ्याचं खोकं. दुसऱ्या बाजूला जाळीची ढब्बू, सल्फाइड, चित्रांच्या तीन, अकीक आणि जर्मन पिळाच्या बहुतेक. बेरजेत अकरा डॉलरचा फरक.

विहीणबाईंनी यादी पाहिलीच नाही. ताप आला की वडील तो कुत्रा थंडगार हातात ठेवायचे, असं म्हणाल्या आणि दुसरा टॉवेल ओढून घेतला.

लुट्झ मामांकडे गेली. तिच्या ओळीपुढं मी लिहिलं होतं: 'आधी अंदाजे ८.७, आता ७.५, फरक माझ्या हातून.' पाकिटात ५५ डॉलर घालून दिले. त्यांनी पाकीट परत केलं आणि भिंग मागितलं. मी माझं दिलं, परत येताना विमानतळावरून सांगलीला फोन करून दुसरं मागवलं.

आम्ही निघेपर्यंत मामांनी नऊ नग विकले होते. पॉपाय माझ्या अंदाजाला धरून गेल्या. खोकं ७२ ला गेलं. ब्रिक १०४ ला. सोळा डॉलरनं मी चुकलो. लुट्झ त्यांनी विकायला काढली नाही. ८०६ कॅट्स आय कॉफीच्या डब्यात भरून मुलीच्या गॅरेजमध्ये आहेत, आणि मागच्या अंगणात नातवानं टाचेनं फिरवून केलेली गल पहिल्या पावसात बुजली.